सुपारी हातात घेण्याआधी

तुळशीरामभाऊंच्या हातात लग्नाची सुपारी देणं ही सोपी गोष्ट नव्हती. आमचं गाव ब्रह्मपुरीपासून आत, धानाच्या बांध्यांमध्ये. गावात भटजीचं घर नाही आणि ब्रह्मपुरीच्या गुरुजींना लग्नसराईत एका मांडवातून दुसऱ्या मांडवात पळावं लागे. त्यामुळे आमच्याकडची लग्नं तुळशीरामभाऊच लावायचे. मुलीचा बाप सुपारी आणि तांदूळ घेऊन गेला की भाऊ म्हणायचे, "ठेवा तिथी." सुपारी खाटेवर पडून राहायची. मग एक दिवस धुतलेली टोपी घालून ते मुलीच्या घरी यायचे, छपरीत बसून काळा चहा मागायचे आणि चहा घेऊन मुलीनंच यायचं, असा त्यांचा दंडक होता. बाकीच्यांना ते बाहेर घालवायचे. खुद्द मुलीच्या बापालाही.

मग विचारायचे, "पोरी, मनात हाय काय? हाय त नाव सांग त्याचं."

आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेत नाही, घेतलंच तर उखाण्यात. तेव्हा लग्न ठरलेल्या मुलीनं ते एका म्हाताऱ्यासमोर उघड उघड उच्चारायचं म्हणजे केवढी लाज! मुली पदराचं टोक चावायच्या, कुडाच्या भिंतीला नखं लावायच्या. भाऊ चहा भुरकत बसून राहायचे. नाव ऐकल्याशिवाय हलायचे नाहीत. मंगलाष्टकांतलं शेवटचं कडवं ते स्वतः रचायचे, त्यात नवरा-नवरीचं नाव, दोघांच्या आईबापांची नावं, कधी एखाद्या रुसलेल्या मामाचंही नाव बसवायचे. लिहिता-वाचता येत नव्हतं, सगळं तोंडपाठ. "नाव तोंडातून तोंडात यावं लागते," म्हणायचे, "मंग थे चालीत पक्कं बसते. बसलं का निंगत नाई."

एका घरी मुलगी नाव सांगेना, नुसती रडत राहिली. भाऊ बाहेर आले आणि तिच्या बापाला म्हणाले, "मी काई हे लगन लावत नाई. पोट्टीच्या मनात नाई." बापानं शिव्या घातल्या, वर्षभर बोलणं टाकलं, पण ते लग्न झालं नाही. पुढे ती मुलगी दुसरीकडे सुखानं नांदली आणि तोच बाप भाऊंना दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेला जेवायला बोलवू लागला. भाऊ गेले आणि पोटभर जेवले. मानापमानापेक्षा त्यांना वांग्याची भाजी प्रिय होती.

माणूस म्हणून ते काही संत नव्हते. तरुणपणी झाडीपट्टीच्या नाटकांत गायचे, त्यामुळे आवाजाचा गर्व फार. माइक दुसऱ्याच्या हातात देत नसत. कोणी माइकवर फूं फूं करून पाहिलं की ओरडायचे, "फुकू नोको, थो चुल्हा नोहे!" अक्षता जोरात मारणाऱ्या पोरांना मंगलाष्टक मध्येच थांबवून दटावायचे, "टाका, फेकू नोका. नवरदेव हाय, वांदर नाई." ब्रह्मपुरीच्या गुरुजींचा विषय निघाला की, "थे पोथीत पाहून म्हनते," एवढंच बोलायचे आणि पान लावायला घ्यायचे. पण दोन हातांमध्ये माइक धरून, डोळे मिटून त्यांनी सूर लावला की चुलीपाशी वाढणाऱ्या बायासुद्धा हातातली वाटी तशीच धरून उभ्या राहायच्या.

माझं लग्न दोनदा ठरलं.

पहिला मुलगा राजुऱ्याकडचा, कोळसा खाणीत लागलेला. दिवाकर. साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला आला तेव्हा मी त्याला चांगलं डोळे भरून पाहिलं होतं, आणि खोटं कशाला बोलू, मला तो फार आवडला होता. भाऊ आले, त्यांनी काळा चहा मागितला, मला विचारलं. मी लाजले, पण फार वेळ नाही लावला. नाव सांगितलं. भाऊ हसले आणि म्हणाले, "वा! हे त गानं म्हटल्यावानी सांगतलं." त्यांनी तिथल्या तिथे नाव चालीत घोळवून पाहिलं आणि घरी जाऊन सुपारी उचलली. महिन्याभरात राजुऱ्याहून निरोप आला की मुलाला दुसरं स्थळ मिळालं. कारण म्हणून काही सांगितलं नाही. साक्षगंध होऊन मोडलेली मुलगी घरात असली की शेजारपाजारचे लोक आवाज खाली करून बोलतात, आणि ते खाली केलेलं बोलणंच जास्त ऐकू येतं.

बाबांनी घाई केली. त्याच उन्हाळ्यात मोहर्लीकडचं स्थळ आणलं. वसंता, जंगलात पर्यटकांची जिप्सी चालवणारा. बाबा सुपारी घेऊन गेले, आणि परत येऊन आईला आश्चर्यानं सांगू लागले की भाऊंनी ती लगेच हातात घेतली. तरीही मी दुसऱ्या दिवशी काळा चहा करून ठेवला. भाऊ आमच्या घरावरून गेले, मान खाली घालून, आत न वळता. चहा चुलीवर कडू झाला. मला वाटलं, टाकलेल्या मुलीला काय विचारायचं, असंच त्यांच्या मनात आलं असेल. त्या दिवशी जी लाज वाटली ती आजवर कोणापाशी बोलले नाही.

लग्नाच्या दिवशी अंतरपाट धरला. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला ते. भाऊ मधोमध, जिथून दोघांचे चेहरे दिसतात तिथे. मांडव भरलेला, भोंगा गावाच्या टोकापर्यंत ऐकू जाणारा. शेवटचं कडवं आलं. "शोभेला वर लाभला..." असं माझं नाव घेऊन त्यांनी सूर वर नेला, आणि पुढे नाव आलं ते दिवाकरचं.

अक्षता लोकांच्या मुठीतच राहिल्या. बँडवाल्यानं लग्न लागलं असं समजून एकदा ढोलावर टिपरू मारलं आणि कोणीतरी त्याचा हात धरला. चुलीकडून हसण्याचा आवाज आला. माझ्या आईनं तोंडाला पदर लावला. मी माझ्या पायांकडे पाहत राहिले. पण खरी शरमेची गोष्ट ती नाही. खरी गोष्ट ही, की ते नाव ऐकल्याबरोबर, क्षणभर का होईना, माझा चेहरा उजळला होता. अंतरपाटामुळे पलीकडच्यांना दिसला नाही. भाऊंना दिसला. त्यांचे डोळे तेव्हा उघडे होते.

तेवढ्यात अंतरपाटाच्या पलीकडून आवाज आला. हळू, जंगलात बोलायची सवय असलेल्या माणसाचा.

"भाऊ, मी वसंता हो. मोहर्लीचा. म्हना पुन्हा, मी उभाच हाय इथी."

मांडव हसला. या वेळचं हसणं वेगळं होतं. भाऊंनी फाटक्या आवाजात कडवं पुन्हा म्हटलं, लग्न लागलं. भाऊ जेवले नाहीत. माइक खुर्चीवर ठेवून निघून गेले.

आणि त्या दिवसापासून त्यांनी लग्न लावणं सोडलं. कोणी सुपारी घेऊन गेलं तर "ठेवा तिथी"ही म्हणत नसत, सरळ परत द्यायचे. गावात आधी ब्रह्मपुरीचे गुरुजी येऊ लागले, नंतर पेनड्राइव्हवरची मंगलाष्टकं आली. मी माहेरी गेले की भाऊ मला पाहून रस्ता सोडायचे आणि शेताच्या धुऱ्यावरून जायचे. मीही हाक मारत नसे. दोघं एकमेकांना चुकवत राहिलो.

माझ्यापुरतं आणखी एक झालं. लग्नानंतर सासरच्या बायांनी मला उखाण्याचा आग्रह केला नाही. दारात अडवलं नाही, "नाव घे" म्हटलं नाही. त्यांना वाटलं, कशाला बिचारीला अवघड करा. पुढे हळदीकुंकवातही माझी पाळी आली की कोणीतरी चटकन वाण पुढे करायचं. त्यांचा हेतू चांगला होता. पण त्यामुळे झालं असं, की संसार झाला, मुलगी मोठी झाली, आणि मी माझ्या नवऱ्याचं नाव कधी तोंडातून काढलंच नाही. "आयकलं का जी" यावर सगळं निभावलं. त्यांनी त्या दिवसाचा विषय एकदाही काढला नाही. एका नणंदेनं चेष्टेत दिवाकर म्हटलं तेव्हा ते फक्त "गप" म्हणाले आणि ताटावरून उठले. चांगल्या माणसाजवळ राहून लाज कमी होते असं नाही.

यंदा आमच्या पल्लवीचं लग्न ठरलं. मुलाकडचे म्हणाले, चंद्रपूरचे गुरुजी सांगू, सगळं साहित्य तेच आणतात. हे म्हणाले, "तुळशीरामभाऊले विचारून पाहू काय?" मला ते नको होतं. पण नाही म्हणायला माझ्यापाशी कारण नव्हतं.

आम्ही तिघं गेलो. भाऊ छपरीत खाटेवर बसले होते. डोळ्यांना फार कमी दिसत होतं, तरी डोक्यावर टोपी धुतलेली. यांनी सुपारी खाटेवर ठेवली.

"नोको बाप्पा," भाऊ म्हणाले, "माह्या जिभेचा भरोसा नाई. तुमाले त मालूमच हाय."

"म्हनूनच आनली," हे म्हणाले.

मग जुनी खोड उसळून आली असावी. भाऊ पल्लवीकडे तोंड करून म्हणाले, "पोरी, मनात हाय काय? हाय त नाव सांग त्याचं." आमची पोरगी आडनावासकट बोलली, "निखिल गेडाम!" आणि वर म्हणाली, "आणखी एकदा सांगू?" भाऊ इतके हसले की त्यांना ठसका लागला. तिला त्यांनी चहा करायला आत पाठवलं.

मग ते माझ्याकडे वळले. हे उठले, काळी-पिवळी जीप आली का पाहतो म्हणाले आणि रस्त्याकडे गेले. या माणसाला कधी उठायचं ते बरोबर कळतं.

"शोभे," भाऊ म्हणाले, "तुले मी दुसऱ्या खेपेले विचारलंच नाई."

"मले वाटलं, टाकलेल्या पोरीले काऊन विचारा म्हनून तुमी आले नाई."

"अवं, काय म्हनून राह्यली!" भाऊ खाटेवर पुढे सरकले. "मलेच लाज वाटली. एक डाव तुह्या तोंडातून नाव काढून घेतलं, अन् थे वाया गेलं. आता कोन्त्या तोंडानं पुन्हा विचारू? तुह्या बापाच्या तोंडचं नाव घेऊन उभा राह्यलो. थे बसलंच नाई. जे तुह्या तोंडचं होतं, थेच निंगालं." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "मी विचारलं असतं, तू नाई म्हनू शकली असती. तुहा हक्क होता थो. मी भेलो."

इतकी वर्षं मी माझीच लाज घेऊन बसले होते, आणि हा माणूस तिकडे आवाज पुरून बसला होता.

"आता सांग," भाऊ म्हणाले. "मनात हाय काय? हाय त नाव सांग."

रस्त्यावर हे पाठमोरे उभे होते. मी भिंतीला नख लावलं. या वयात. पोरगी आत कप शोधत होती. शेवटी बोलले, "वसंतराव." आवाज इतका बारीक निघाला की मलाच ओळखू आला नाही.

"मले आयकू आलं बाई," भाऊ म्हणाले. "ज्याचं हाय, त्याले आयकव." आणि त्यांनी चाचपडत सुपारी उचलली.

पल्लवीचं लग्न त्यांनीच लावलं. आवाज पार गेला होता, वरचा सूर लागतच नव्हता, मुलाकडचे लोक एकमेकांकडे पाहत होते. शेवटच्या कडव्यात मुलीच्या बापाचं नाव आलं तेव्हा ते थांबले. मग त्यांनी ते गरजेपेक्षा जरा जास्तच मोठ्यानं म्हटलं.

धानाच्या रोवण्याच्या दिवसांत भाऊ वारले. आम्ही तेरवीला गेलो. जेवणं झाली होती, अंगणात गडीमाणसं हात धूत उभी होती, त्यात हेही होते. मी दारात होते. परतीची गाडी निघायची वेळ झाली होती. "आयकलं का जी" तोंडाशी आलं होतं, ते मी गिळलं आणि भरल्या अंगणात हाक मारली, "वसंतराव!"

त्यांनी मागे वळून पाहिलं. माझ्याकडे नाही. शेजारच्या बाप्यांकडे, मग फाटकाकडे, कोण बोलावतंय म्हणून. माझ्या आवाजात त्यांनी ते नाव कधी ऐकलंच नव्हतं.

मी पुन्हा हाक मारली.