टोळांसाठी बोलावलेला बँड

टाळेबंदीच्या उन्हाळ्यात विदर्भात टोळधाड उतरली आणि एका दुपारी आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर साहेबांचा मेसेज आला, 'सर्वांनी सतर्क राहावे.' मी तेव्हा भूम तालुक्यात कृषी सहायक होते. ईट गाव आणि आजूबाजूच्या वस्त्या माझ्याकडं. मास्क, त्यावर स्कार्फ, डोळ्यांवर गॉगल अशा अवतारात मी स्कूटीवरून फिरायचे. माझा चेहरा दिसत नसल्यामुळं लोक मला गाडीच्या आवाजावरून ओळखायचे.

टोळ मी कधीच पाहिलेला नव्हता. कॉलेजात त्याच्यावर एक धडा होता, पण परीक्षेत त्यावर प्रश्न आला नाही, मग तोही विसरले. खरं तर टोळ पाहिलेला माणूस आमच्या ऑफिसात कुणीच नव्हता, साहेबांसकट. तरी तयारी जोरात होती. डाळिंबवाल्यांचे ट्रॅक्टरवरचे फवारणीचे ब्लोअर सांगून ठेवले होते. नगरपालिकेचा बंब मागितला होता. औषधाच्या दुकानांत साठा किती, हे साहेब स्वतः फिरून बघत होते. रोज सकाळी वाऱ्याची दिशा ग्रुपवर यायची. आमच्या घरात तोवर वारा फक्त पापड वाळत घालताना बघितला जायचा. आता माझा नवरा चहाचा कप घेऊन गच्चीवर जायचा आणि खाली येऊन सांगायचा, "आज काय भ्यायचं कारण नाही. पश्चिमेचा आहे."

मला मात्र भीती होती. आमच्या भागात उन्हाळ्यात रानं मोकळीच असतात. हिरवं म्हणजे विहिरीच्या पाण्यावरचा चारा, थोडा भुईमूग, कुठं लिंबाची बाग. घराघरांत दुभती जनावरं, गावोगाव खव्याच्या भट्ट्या. पाऊस पडेपर्यंत त्या चाऱ्यावरच सगळं निभावून न्यायचं असतं. टोळ एका सकाळीत तो संपवून पुढं गेले असते.

वरून आलेल्या सूचनांमध्ये एक वाक्य होतं, थवा दिसल्यास डबे, पत्रे, ढोल वाजवून मोठा आवाज करावा. ईटमध्ये देवळासमोर लोकांना लांब लांब बसवून मी ते वाचून दाखवलं. मागून एकानं विचारलं, "मॅडम, ताटं तर आपण करोनासाठी वाजवली. तेनं तेवढं ऐकलं न्हाय, ह्ये ऐकतील का?"

सगळे हसले, मीही हसले. तेवढ्यात कडेला बसलेला बँडवाला उठला. पन्नाशीचा, सडपातळ माणूस. अख्ख्या पट्ट्यातल्या वराती तो वाजवायचा, सगळे त्याला मास्तर म्हणायचे. त्या वर्षी लग्नं घरातल्या घरात, चार माणसांत उरकत होती. त्याची वाद्यं गोणपाटात बांधलेली होती.

"मॅडम, आवाजच पायजे ना?" तो म्हणाला. "मंग ताटं कशाला? आमी हाव की."

"मास्तर, पण टोळ कधी येतील, येतील की नाही, काही सांगता येत नाही."

"न्हाय आले तर न्हाय आले. पोरं घरात बसून कावल्यात वो. वाजवायला मिळंल, एवढंच बास."

मी साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "सूचनेत ढोल लिहिलंय. बँड लिहिलेलं नाही. पण नको असंही लिहिलेलं नाही. अंतर ठेवायला सांगा."

अशी आमची रंगीत तालीम ठरली. दोन दिवसांनी सकाळी गावाबाहेरच्या मोकळ्या रानात मास्तरांची माणसं चांगली चार-चार हात अंतर सोडून उभी राहिली. वाजवायचं काय, हे मी सांगितलंच नव्हतं. त्यांना वरातीचंच येत होतं, त्यांनी तेच सुरू केलं. पहिली थाप पडली आणि गावातल्या गच्च्या भरल्या. अडीच महिने ज्या गावानं रुग्णवाहिकेशिवाय मोठा आवाज ऐकला नव्हता, त्या गावात ताशा कडाडत होता. एक म्हातारी पदर डोळ्याला लावून उभी होती. पोलीस पाटील गर्दी हटवायला आले आणि पाय थिरकतोय हे लक्षात आल्यावर हाताची घडी घालून ताठ उभे राहिले. नेमकी तेव्हाच साहेबांची जीप आली. साहेबांनी काच खाली केली, बराच वेळ ऐकलं आणि मला म्हणाले, "ह्यांना ऐकून टोळ पळतील की नाचायला उतरतील?"

चारपाच दिवसांनी सकाळी फोन वाजला. गावापासून लांब, ओढ्याकाठच्या वस्तीवरच्या मावशी. नवरा वारल्यापासून सासू आणि चार म्हशी सांभाळत एकटीनं रान करणारी बाई.

"मॅडम, आले वो! ओढ्याला लई आल्यात! पिवळे पिवळे, नुसतं झाड झाकलंय!"

मी साहेबांना कळवलं, ब्लोअरवाल्याला निघायला सांगितलं, मास्तरांना सांगितलं आणि स्कूटी दामटली. वाटेत सारखी आभाळाकडं बघत होते. आभाळ स्वच्छ होतं. त्यानं धीर येण्याऐवजी उलट वाटलं, म्हणजे उतरलेच.

मावशी बांधावर उभ्या होत्या, विळा हातातच. त्यांनी ओढ्याकडं बोट केलं. मी पळत गेले. काठानं रुईची झुडपं होती आणि त्यांच्यावर पानापानाला नाकतोडे बसले होते. पिवळे धमक, अंगावर निळे पट्टे, कुणीतरी बसून रंगवल्यासारखे. मी फोटो काढून कृषी विज्ञान केंद्रातल्या तज्ज्ञांना पाठवला. हे टोळ नसावेत असा माझा अंदाज होता, पण अशा वेळी अंदाजावर जायचं नसतं. उत्तर लगेच आलं. रुईवरचा नाकतोडा. टोळ नव्हे. रुई सोडून पिकाकडं सहसा जात नाही. फवारणीची गरज नाही.

मी तिथंच दगडावर बसले. इतकं हलकं वाटत होतं की हसू आवरेना. तोवर मागच्या वाटेनं ट्रॅक्टर आला, ट्रॉलीत बँड, आणि मास्तरांनी लांबूनच वाजवायला सुरुवात केली होती. मी दोन्ही हात हलवून थांबवलं.

मावशी मात्र हसत नव्हत्या. त्या माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "मंग म्या काय करून बसले?"

मी त्यांच्या मागं पाहिलं, तेव्हा कळलं. विहिरीजवळचा मका त्यांनी अर्ध्याहून जास्त कापून आडवा केला होता. टोळांनी खाण्याआधी निदान आपल्या जनावरांना मिळावा म्हणून पहाटेपासून बाई विळा चालवत होती. कणसं दुधात होती, दाणे अजून कोवळे. पाऊस येईपर्यंत रोज थोडा थोडा कापून पुरवायचा चारा उन्हात पडला होता आणि कडक ऊन चढत होतं.

"दोन दिवसात वाळून पाचोळा होतंय," त्या म्हणाल्या. "म्हशींनी एवढं कवा खावं?"

मी गोठ्यामागं गेले. मागच्या वर्षी मीच त्यांच्या मागं लागून मुरघासासाठी सिमेंटचा खड्डा बांधून घेतला होता. मुरघास म्हणजे हिरवा चारा बारीक करून, दाबून, हवा न लागू देता मुरवायचा, लोणच्यासारखा. खड्डा झाला आणि मावशींचं मन फिरलं. कुजका चारा जनावरांना घालायचा नाही, असं सासूबाईंनी बजावलं होतं. खड्ड्यात आता कोंबड्या बसत होत्या.

"मावशी, आजच भरू."

"एवढं तुडवायचं कुणी? आमी दोघीच हाव."

ट्रॉलीतली माणसं एकमेकांकडं बघायला लागली. मास्तरांनी गळ्यातला पट्टा काढला. "तुडवायचंच हाय ना? वाजवायला चार ठिवतो, बाकीचे खड्ड्यात."

शेजारच्या वस्तीवरून चारा बारीक करायचं कडबाकुट्टीचं यंत्र आलं. मागोमाग पोचलेल्या ब्लोअरच्या टाकीत औषध अजून घातलेलं नव्हतं, नुसतं पाणी होतं. ते पाणी खड्डा धुवायला कामी आलं. प्लॅस्टिकचा कागद अंथरला, कुट्टीचा थर टाकला, वर गूळ-मिठाचं पाणी शिंपडलं आणि लोक खड्ड्यात उतरले. ताशा सुरू झाला. मोठमोठी माणसं, पँटी गुडघ्यापर्यंत दुमडलेल्या, मास्क लावून, अंतर ठेवून मक्यावर नाचत होती. साहेब आले तेव्हा दुपार टळत होती. मी काय सांगावं याची जुळवाजुळव करत होते. त्यांनी विचारलं, "टोळ?"

"नाकतोडे आहेत, सर. रुईवरचे."

"आणि हे?"

"मुरघास, सर."

साहेबांनी बूट काढून बांधावर ठेवले. दोन थर त्यांनीही तुडवले. ताल त्यांना अजिबात नव्हता.

निघताना मावशी पुन्हा म्हणाल्या, "तुमाला सगळ्यांना उगं पळवलं."

"शंका आली की फोन करायचा, हेच आम्ही सांगितलंय," मी म्हटलं. "उद्या पुन्हा वाटलं तर पुन्हा करा."

टोळ आमच्याकडं आलेच नाहीत. वारा फिरला तसे ते मध्य प्रदेशाकडं वळले. ऑफिसचे मेसेज हळूहळू कमी झाले आणि आम्ही सोयाबीनच्या बियाण्याची उगवण तपासायच्या कामाला लागलो.

पेरण्यांनंतर पावसानं ताण दिला, तेव्हा मावशींनी खड्डा उघडायला मला बोलावलं. आंबूस, गोडसर वास आला. सासूबाई पदर नाकाला लावून लांब उभ्या राहिल्या. पहिल्या म्हशीनं हुंगलं आणि मान फिरवली. दुसरीनंही. मावशी माझ्याकडं बघायला लागल्या, मी म्हशीकडं. मग कडेच्या वांड म्हशीनं एक घास घेतला, थोडा वेळ विचार केल्यासारखी थांबली आणि पाटीत तोंड घालून जी खायला लागली ती वर बघेना. तिचं बघून बाकीच्या दावणीला ओढ द्यायला लागल्या.

"खातीया की," सासूबाई म्हणाल्या आणि पुढं येऊन तिसऱ्या म्हशीपुढं त्यांनी स्वतःच्या हातानं पाटी सरकवली.