फिलूबायचा पांढरा झगा

वेंगुर्ल्यात फिलूबायचा काजूचा कारखाना वाढला, तसा टरफलं जाळणाऱ्या भट्टीचा काळा धूरही वाढला. तपासणीचे साहेब काजूगराची पिशवी घेऊन खुशीत परत जात. नव्या बाईसाहेब मात्र पिशवीला शिवल्या नाहीत.

"महिन्यात धूर आवरा, नाहीतर कारखान्याला टाळं!"

"बरा तर," फिलूबाय म्हणाली. धूर करणारं तेल टरफलांतून आधी काढून तिने कोरडा चोथाच भट्टीत घातला.

बाईसाहेब परत आल्या तेव्हा भट्टी पेटलेली होती आणि धुराड्याखालच्या दोरीवर फिलूबायचा चर्चला जायचा पांढरा झगा वाळत होता.

"सकाळपासून हंय आसा. हात लावन बघा."

बाईसाहेबांनी बोट फिरवलं. काजळी लागली नाही.

"चालू ठेवा कारखाना."

"ठेवतलंयच! माझो झगो पिशवी घेवन खोटा बोलूचो नाय!"