तिसऱ्या रविवारची हार

मी तेव्हाही याद्या करायची, आजही करते. किराणा, औषधं, कुणाला पत्र टाकायचं राहिलं, सगळं वहीत. म्हणून दादांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, त्या वादाची नोंद माझ्याकडे दिली.

वाद पोपच्या अधिकाराचा होता. दुष्काळ सरल्यानंतरच्या उन्हाळ्यात धाकट्या बहिणीला शहागडच्या एका मास्तरनं मागणी घातली. तिलाही तो पसंत होता. मुलगा ख्रिस्तीच, पण कॅथलिक. आम्ही जालन्याच्या मिशन दवाखान्याच्या मंडळीतले, म्हणजे प्रॉटेस्टंट चर्चचे. दोन पिढ्यांमागे दोन्ही घरं एकाच गावकुसाबाहेर राहत होती. एका घरी पाद्रीसाहेब आधी पोचले, दुसऱ्या घरी फादर. फरक एवढाच, असं आई म्हणायची. दादांना तो एवढासा वाटत नव्हता. ते दवाखान्यात कंपाउंडर होते आणि पाळक परगावी गेले की उपासना चालवत. त्यांनी निरोप धाडला: पोपचा अधिकार शास्त्रातून, बायबलातून दाखव, मग लग्नाचं बोलू.

तो रविवारी दुपारच्या एसटीनं आला. मी वहीत दोन रकाने आखले. डावा दादांचा, उजवा त्याचा.

पहिल्या रविवारी खडक झाला. प्रभूनं पेत्राला, कॅथलिक ज्याला पहिला पोप मानतात त्या शिष्याला, खडक म्हटलं आणि त्यावर मंडळी उभारायचं वचन दिलं, हा त्याचा मुद्दा. दादांच्या मते खडक म्हणजे पेत्र नव्हे, पेत्रानं दिलेली विश्वासाची कबुली. दुसऱ्या रविवारी स्वर्गाच्या किल्ल्या निघाल्या.

"पेत्राला दिल्या, कबूल," दादा म्हणाले. "रोमच्या माणसाला दिल्या, हे कुठं लिव्हलंय?"

"मामा, आमचा हेडमास्तर रिटायर झाला तर खुर्ची बी घरी घेऊन जातो का?"

"खुर्ची सरकारी असती."

"मंग ही बी वरच्या सरकारचीच की!"

आई आत हसली. दादा हसले नाहीत. त्यांनी पुन्हा चहा करायला सांगितला, आणि आठवडाभर जेवताना त्या खुर्चीच्या मुद्द्यावर कुरकुरत राहिले. बहीण दाराआड बसून एकाच अभ्र्यावर भरतकाम करत होती.

मला वाटलं, हे असं कधीच संपायचं नाही. हातात घेतलेलं काम मला लवकर उरकायचं असतं. तिसऱ्या रविवारी मी त्याला स्टँडवरच गाठलं.

"आज हरा. दादांना जिंकू द्या, म्हणजे आजच होकार देतील."

"अक्का, हे बराबर वाटून न्हाई राह्यलं."

"लग्न करायचंय की वाद?"

त्यानं पिशवी खांद्याला लावली आणि घराकडे चालू लागला.

दादांनी त्या दिवसासाठी शास्त्रात पानोपानी चिठ्ठ्या घालून ठेवल्या होत्या. पहिली उघडली तोच तो म्हणाला, "मामा, तुमचंच बराबर. शास्त्रात न्हाई."

"आन् खुर्ची?"

"ते आपलं असंच बोल्लो."

दादांनी चष्मा काढला. "आमच्या मंडळीत येशील?"

"येईन."

"इतक्या जल्दी," दादा म्हणाले. बाकीच्या चिठ्ठ्या त्यांनी एकेक करून काढल्या. "पाचची गाडी मिळंल तुला."

तो गेल्यावर ते आईला म्हणाले, "दोन रविवार माझ्यासमोर उभा राह्यला, तवाच मी मनातून पोरगी दिल्ती. चहा गार व्हायच्या आत जो आपला विश्वास सोडतो, तो हिला किती दिस धरंल?"

तेव्हाच बोलायला हवं होतं. वही मांडीवर होती, मी पेनला टोपण लावलं. दादांसमोर लबाड ठरेन, ही भीती. दुसरं कारण शोधलं, सापडलं नाही.

त्यानं माझं नाव कुणाला सांगितलं नाही. बहिणीनं एकदा विचारलं, "असा कसा हरला गं तो?" मी म्हटलं, "काय माहीत." पुढच्या वर्षी ती नर्सिंगला दूर गेली. लग्न केलं नाही. आई होती तोवर तिचं पत्र आईच्या नावानं यायचं.

दादांना मी त्यांच्या शेवटच्या आजारात सांगितलं. ते म्हणाले, "त्या खुर्चीला माझ्याकडं उत्तर नव्हतं. आवडलं होतं मला पोरगं." बहिणीला कळवू का, असं विचारलं, तर कूस वळवून म्हणाले, "वही तू ठेवतीस. तूच बघ."

दर नव्या वहीच्या पहिल्या पानावर मी ते काम लिहिते: बहिणीला पत्र, तिसऱ्या रविवारबद्दल. बाकीच्या कामांवर रेघ पडते. या एका ओळीवर अजून पडलेली नाही.