दाऊदभाईंच्या ट्रेलरचा ब्रेक

“ब्रेक लागत नाही म्हणजे नाही. मी हफ्रला जात नाही.” दाऊदभाईंनी पिकअपची चावी माझ्या बाकड्यावर टाकली आणि खाली बसले.

साल एक्याण्णव, कुवेतच्या लढाईचे दिवस. धाहरानजवळच्या आमच्या वर्कशॉपात मी ऑटो इलेक्ट्रिशियन होतो. रोज मिसाईलचा सायरन, रोज तोंडाला गॅसचा मास्क. झोप कुणाचीच झालेली नसायची, त्यामुळे जो तो करवादलेला. दाऊदभाई राजापूरकडचे, पन्नाशीचे, जुने ड्रायव्हर. त्यांना पिकअपमागे जनरेटरचा ट्रेलर जोडून हफ्र अल बातिनच्या कॅम्पवर जायचं होतं. म्हणजे इराक-कुवेतच्या सरहद्दीच्या बाजूला.

“ब्रेकला काही झालेलं नाही, हा घाबरलाय,” फोरमन थॉमस हिंदीत म्हणाला. “दोनदा चेक केलं, दोन्ही वेळा ओके. आज गाडी हलली नाही तर कफीलला सांगून एक्झिट मारतो.”

कफील म्हणजे आमचा सौदी मालक, आणि एक्झिट म्हणजे कायमचं घरी. दाऊदभाईंच्या घरात कमावते ते एकटेच. ते चावीकडे बघत राहिले. मला खरं तर दोघांचाही वैताग आला होता. पण ट्रेलर बघणं भाग होतं.

हा ब्रेक विजेवर चालतो. ड्रायव्हरने पेडल दाबलं की केबिनमधल्या डबीतून ट्रेलरच्या चाकांना करंट जातो. चाकात लोहचुंबक असतो, तो ड्रमला चिकटतो आणि चाक आवळलं जातं. करंट नाही तर ब्रेक नाही. मग मागचा जनरेटर पिकअपला पुढे रेटतो.

“कधी लागतो, कधी नाही, मिस्त्री,” दाऊदभाई म्हणाले. “खराब रस्त्यावर तर नाहीच.”

मी सुटी बॅटरी लावून बघितलं. चाकं घट्ट.

“बोललो होतो ना?” थॉमस पाठीमागून म्हणाला.

तेव्हा माझं लक्ष चिमट्याकडे गेलं. बॅटरीचा निगेटिव्ह मी थेट ॲक्सलला लावला होता. थॉमसनेही तसंच केलं असणार, आमची ती सवयच. पण रस्त्यावर चिमटा धरून कोण धावतंय? मग ट्रेलर पिकअपला जोडला आणि चाकाजवळ टेस्ट लॅम्प लावला. दिवा मेल्यासारखा लागला. पिकअपच्या बॅटरीपासून ट्रेलरच्या सांगाड्याला एक जादा वायर दिली, तर लख्ख.

म्हणजे करंट जात होता, त्याची परतीची वाट बंद होती. त्या वाटेला आम्ही अर्थिंग म्हणतो. टेललॅम्पचं चिमूटभर करंटवर भागतं, म्हणून ते लागत होते. ब्रेकला पसाभर लागतो.

ट्रेलरच्या सांगाड्यावरचा अर्थिंगचा बोल्ट खोलला. लढाईच्या तोंडावर सगळ्या ट्रेलरना वाळूचा रंग मारून घेतला होता. पेंटरने बोल्टखालीसुद्धा इमानदारीने रंग मारला होता, आणि रंगातून करंट जात नाही. पण तरी परतीचा करंट जोडणीच्या हुकातून यायला हवा होता, लोखंडाला लोखंड टेकतंच की. हुक उघडला. आत टायरच्या ट्यूबचा नीट कापलेला तुकडा.

“दाऊदभाई, हे काय?”

त्यांनी मान खाली घातली. “खड्ड्यात हुक धाडकन वाजायचा रे. सायरन सुरू झाल्यापासून तो आवाज सोसवत नाही. वाटतं मिसाईलच पडलं. म्हणून घातला.”

मला संतापायचं होतं, पण जमलं नाही. आदल्या दिवशी कुणीतरी दार आपटलं तेव्हा मी स्वतः टेबलाखाली गेलो होतो.

“काय निघालं?” थॉमसने विचारलं.

“रंग,” मी म्हटलं. ते खोटं नव्हतं. रबर खिशात घातलं.

बोल्टखालचा रंग खरवडला, ट्रेलरपासून पिकअपपर्यंत वेगळी जाड वायर टाकली. हुकाचा ढिला नट कसला, भरपूर ग्रीस भरलं, आवाज निम्मा झाला. यार्डात चक्कर मारली. ब्रेक असा लागला की थॉमस डॅशबोर्डवर आपटता आपटता वाचला.

“खलास. यल्ला, निघा आता,” तो म्हणाला.

दाऊदभाईंनी चावी उचलली. “बरं केलंस, मिस्त्री. नोकरी राहिली. आता न जायला कारण पण राहिलं नाही.”

मी त्यांना पाण्याची बाटली दिली आणि गेट उघडलं. पिकअप दिसेनाशी होईपर्यंत तिथेच उभा होतो. फार वाईट वाटलं.

काही दिवसांनी ते परत आले. डोळे खोल गेलेले.

“ब्रेक?” मी विचारलं.

“लागतो.”

“आवाज?”

“ट्रेलरचा नाही आला,” ते म्हणाले आणि झोपायला गेले.

तेव्हापासून ब्रेकचं अर्थिंग मी हुकाच्या भरवशावर सोडत नाही. आणि ड्रायव्हर घाबरलाय असं कुणी सांगितलं, तर आधी ब्रेक बघतो. घाबरलेला माणूससुद्धा खरं बोलत असतो.