माझ्या डोळ्यांबद्दल त्यांना विचारलं

मी धुळ्याच्या एका मुलींच्या शाळेत खेळाची बाई होते. सकाळी पी.टी.चे तास, संध्याकाळी खो-खोचा सराव आणि मोसमात धुळे-जळगाव दोन्हीकडच्या स्पर्धांना पंच म्हणून जायचं, असं माझं चाललेलं असे. पदर खोचून, कॅनव्हासचे बूट घालून मैदानाच्या कडेनं पळणारी बाई बघून लोकांना गंमत वाटायची. मला त्याचं काही नव्हतं. लांबचं मला लख्ख दिसायचं. मुलीचा पाय फक्कीच्या रेघेच्या आत पडला की बाहेर, हे मी मैदानाच्या दुसऱ्या टोकावरून सांगायचे, आणि माझ्या निर्णयावर सहसा कोणी वाद घालत नसे.

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा मला चाळिशी लागलेली होती. गुणपत्रक वाचायला चष्मा हवा, मैदान बघायला नको. म्हणून तो दोरीनं गळ्यात अडकवलेला, आणि शिट्टीही दोरीनं गळ्यातच. एकदा ऐन सामन्यात घाईघाईनं शिट्टीऐवजी चष्म्याची काडी तोंडात घातली. मुली हसल्या, मीही हसले. पण घरी आल्यावर वैतागून म्हणाले, "या चष्म्याचं काहीतरी करायला हवं."

आमच्या यांनी ते मनावर घेतलं. हे डाळ मिलमध्ये नोकरीला होते, आणि मिलमध्ये कोणीतरी सांगितलं होतं की इंदूरचे एक डॉक्टर महिन्यातून एकदा धुळ्यात येऊन तपासतात, लेझरनं चाळिशीचा चष्मासुद्धा घालवतात. आम्ही दोघं गेलो. एका मदतनीस मुलीनं माझी हनुवटी यंत्रावर टेकवून डोळे तपासले, मग थेंब घालून मला बाहेर बाकावर डोळे मिटून बसवलं. तेवढ्यात आतून हाक आली, "बाईंबरोबर कोण आहे?" हे आत गेले.

थोड्या वेळानं बाहेर येऊन म्हणाले, "ठरलं सगळं. एकाच डोळ्याचं करायचंय. दहा मिनिटांचं काम आहे."

"एकाच का?"

"तेवढं पुरतं म्हणाले."

मला वाटलं, माझा एकच डोळा बिघडला असेल. डॉक्टरांशी माझं बोलणं झालं ते उठता उठता. "काळजी करू नका, मावशी. सुईत दोरा ओवाल," एवढंच ते म्हणाले. ते माझ्याहून फार तर पाच-सात वर्षांनी लहान असतील.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही एस.टी.नं इंदूरला गेलो. सोनगीर, शिरपूर मागे टाकत घाट चढलो, तोवर मी खिडकीतून लांबच्या पाट्या वाचत होते. ऑपरेशन खरंच दहा मिनिटांचं होतं. लाल ठिपक्याकडे बघत राहा म्हणाले, टकटक आवाज आला आणि केस जळल्यासारखा वास आला. नंतरचे दोन-तीन दिवस डावा डोळा असा चुरचुरत होता की त्यात कोणी मूठभर वाळू टाकलीय असं वाटावं. मग हळूहळू तो निवला. एका सकाळी मी चष्म्याशिवाय वर्तमानपत्र वाचलं. यांना फार आनंद झाला, मलाही झाला, ते नाकारत नाही.

पण लांबचं बिघडलं होतं. डाव्या डोळ्यापुढे कोणी तेलाचं बोट फिरवल्यासारखं दिसे. कपात चहा ओतताना धार बशीत जायची. मोपेडवर असताना गतिरोधक लांब वाटायचा आणि एकदम चाकाखाली यायचा. मी मनाशी म्हणत होते, होईल बरं.

जानेवारीत जळगावला मुलींची स्पर्धा होती. उन्हं कलायला आलेली. शिरपूरकडच्या, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावातल्या शाळेचा संघ पहिल्यांदाच इतका वर आला होता. त्यांची एक काटक पोरगी खांबाला वळसा घालून कडेला आली, तिथून सटकली, आणि मी शिट्टी वाजवली. मैदानाबाहेर, बाद.

ती थांबली. माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाली, "बाई, मना पाय मझारच व्हता."

मी हात वर केलेलाच ठेवला. पंचानं कच खायची नसते, असं मीच इतकी वर्षं शिकवत आले होते. संघ थोडक्यात हरला. सामना संपल्यावर दुसऱ्या बाजूचे पंच, माझ्याबरोबर कितीतरी सामने केलेले गृहस्थ, जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "ताई, पाय आत होता. तुम्हाला दिसलं कसं नाही?"

ती पोरगी रडत नव्हती, भांडत नव्हती. पिशवीतून चपला काढून पायात घालत होती. मी जवळ जाऊन म्हटलं, "माझं चुकलं." तिनं नुसती मान हलवली.

दुसऱ्या दिवशी धुळ्याला न परतता मी जळगावातल्या एका जुन्या नेत्रतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी माझा एकेक डोळा झाकून लांबच्या तक्त्यावरची अक्षरं वाचायला लावली. उजव्यानं शेवटची ओळ वाचली, डाव्यानं वरच्या दोन.

"डावा डोळा जवळच्यासाठी करून टाकलाय," ते म्हणाले. "उजव्यानं लांबचं बघायचं, डाव्यानं जवळचं. त्यात अंतराचा अंदाज चुकतो; काहींना जमतं, काहींना नाही. तुम्ही काय करता?"

मी सांगितलं. ते म्हणाले, "आधी काही दिवस तशा नंबरची लेन्स घालून बघायला द्यायला हवी होती. जमलं नसतं तर तिथंच सोडून देता आलं असतं. दिली नव्हती का?"

कोणी काही दिलं नव्हतं. माझा डोळा बिघडलेलाच नव्हता, तो बिघडवला होता, आणि तेही ठरवून.

घरी येऊन यांना विचारलं, "डॉक्टरांनी तुम्हाला आत काय विचारलं होतं?"

हे आठवून म्हणाले, "हेच, की मिसेस काय करतात. मी म्हटलं, घरचं सगळं तीच बघते. स्वयंपाक, शिवणटिपण, वाचन. शाळेतही जाते म्हटलं."

"शाळेत काय करते, ते?"

"तेवढं त्यांनी विचारलं नाही."

"आणि एका डोळ्याचं लांबचं जाणार, हे सांगितलं होतं?"

"थोडं कमी होईल म्हणाले. मला वाटलं, घरात लांबचं लागतं कशाला."

वीस वर्षं हा माणूस मला रोज बूट घालून बाहेर पडताना बघत होता. त्या रात्री मी जेवले नाही.

पुढच्या वेळी डॉक्टर धुळ्यात आले, तेव्हा मी एकटी गेले. ते म्हणाले, "मेंदूला सवय होते, मावशी. धीर धरा. घरगुती बायकांना याचा फार छान उपयोग होतो."

"मी खो-खोची पंच आहे. मला रेघ दिसत नाही."

"हे आधी सांगायला हवं होतंत."

"कोणाला सांगायला? मी बाहेर बाकावर होते. डोळे माझे, आणि तुम्ही विचारलंत यांना."

ते म्हणाले, हवं तर पुन्हा एकदा लेझर करून बघू. मी म्हटलं, आता माझ्या डोळ्याला हात लावायचा नाही. आवाज चढला असावा, कारण बाहेर आले तेव्हा बाकांवरची सगळी माणसं माझ्याकडे बघत होती. एका बाईंच्या डोळ्यांत थेंब घातलेले होते, शेजारी त्यांचा तरणा मुलगा. मदतनीस मुलगी त्याला आत बोलावत होती.

मी बाईंना विचारलं, "अक्का, तुम्ही दिवसभर काय करता?"

मुलगाच म्हणाला, "आईचं काय, घरीच असते."

बाईंनी डोळे न उघडता म्हटलं, "दूध घालाले जास मी. सायकलवर." मग पदर सावरून उठल्या आणि मुलाच्या आधी आत गेल्या.

माझा चष्मा गेला नाहीच. उलट लांबचं बघायला नवा लागला, एका बाजूला नंबर आणि दुसऱ्या बाजूला साधी काच. तो लावून मी आणखी दोन मोसम पंचगिरी केली, पण ऊन उतरलं की त्यातूनही रेघ पुसट दिसे, माझाच माझ्यावर विश्वास बसत नसे, आणि तसा पंच मैदानावर काय कामाचा? मी शिट्टी एका तरुण शिक्षिकेच्या हाती दिली. यांनी पुढे कितीदा तरी म्हटलं, झालं गेलं विसर आता. लोकही म्हणतात, केवढ्याशा नंबराची ती गोष्ट. असेल. शिरपूरकडच्या त्या पोरीचा संघ मात्र त्या वर्षी माझ्या डोळ्यामुळे घरी गेला, आणि त्याचा राग मला अजून येतो.