सटीचा पाचवा हात

देव परदेशात पोहोचतो का, हा प्रश्न मला पडला नव्हता. तो आमच्या घरी तरी आहे का, याचीच त्या हिवाळ्यात शंका येऊ लागली होती. वाळूजच्या कंपनीनं एक यंत्र बसवायला मला पोलंडला पाठवलं आणि दुसऱ्याच महिन्यात इकडे चिकलठाण्याला बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणं गेलं. राहण्याचा परवाना वाढवून घेण्यासाठी दिलेला माझा पासपोर्ट तिथल्या कचेरीत अडकलेला. नाताळासाठी कारखाना बंद झाला, सोबतचे सगळे आपापल्या घरी गेले आणि मी खिडकीतून बर्फ बघत बसलो. खरं सांगायचं तर बर्फाचं कौतुक दोन दिवसांत संपतं. खंडोबाला रोज एकच विनवणी करायचो, बाबांचा उजवा हात परत दे. विनवणी कसली, हट्टच तो. त्या हट्टानंही मी दमून गेलो होतो.

त्या वर्षी चंपाषष्ठी, म्हणजे आमची सट, उशिरा, ऐन सुट्टीत आली. आमच्याकडे त्या दिवशी वांग्याचं भरीत, रोडगे आणि खंडोबाची तळी असते. ताम्हणात भंडारा, खोबरं, पान-सुपारी ठेवायची, पाच जणांनी खालून हात लावून ते उचलायचं आणि येळकोट म्हणायचा. बाबांनी एकाही वर्षी तळी चुकवली नव्हती. यंदा भावकीतले म्हणाले, आम्ही उचलतो, तर बाबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं आणि जेवण सोडलं. आईचा फोन आला. मी पोलंडमध्येच तळी उचलावी, घरातला हात लागलेला फोनवर दिसला की बाबा घास घेतील, असं तिचं म्हणणं. मी चिडलो. इथं पाच माणसं कुठून आणू, असं तिला तोडून बोललो आणि मग दिवसभर मन खात राहिलं.

तरी सटीच्या सकाळी बाजारात गेलो. एक वांगं हातात घेतलं आणि हे बियांचंच निघणार, असं स्वतःशी पुटपुटलो. तेवढ्यात शेजारून आवाज आला, "भरताला व्हय? आज सट हाय ना?"

साठीकडे झुकलेला, मफलर गुंडाळलेला माणूस. आमच्या चिकलठाण्याजवळच्या करमाडचे मुसलमान, आता पोलंडमध्ये ट्रक चालवायचे. मी त्यांना चाचाच म्हणू लागलो. गावी शेजारच्या घरात तळीला माणूस कमी पडला की त्यांच्या अब्बांना हाक जायची, म्हणून त्यांना सट ठाऊक. आपली बोली ऐकून मला भर बाजारात रडू आलं आणि मी सगळं सांगून टाकलं. दुपारी ते खोलीवरच्या दोन नेपाळी सोबत्यांना घेऊन माझ्याकडे आले. आईनं बॅगेत घातलेलं खोबरं आणि भंडाऱ्याची पुडी होती. ताम्हणाऐवजी स्टीलची ताटली घेतली. फोन लावून समोर टेकवला. पलीकडे आईनं तिचा फोन बाबांसमोर धरला.

आम्ही चौघंच होतो. मी दोनदा मोजलं आणि आईला म्हणालो, एक कमी आहे गं. तेव्हा बाबांनी डावा हात हळूहळू पुढे आणला आणि आईच्या हातातल्या फोनच्या खाली लावला.

आई गोंधळली. "अवं, डावा हात हाय त्यो."

"ऱ्हाऊ द्या वहिनी," चाचा म्हणाले. "पाच झाले. उचला."

ताटली वर गेली. पडद्यावर आमच्या घरातला पंखा दिसला, छत दिसलं, म्हणजे तिकडे फोनही वर गेला होता. मी त्या पंख्याकडेच बघत राहिलो. चाचांनी सोबत्यांना येताना जिन्यातच येळकोट शिकवला होता, त्यांनीच तो मोठ्यानं म्हटला.

त्या संध्याकाळी बाबांनी रोडगा आणि भरीत खाल्लं. चाचा त्या सकाळी त्याच बाजारात कसे आले, याचा उलगडा मी करत नाही. त्यांचे उपकार मात्र रोज आठवतात. बाबांचा उजवा हात काही परत आला नाही. मी त्याच्याचसाठी अडून बसलो होतो. बाबांनी जो उरला होता तो पुढे केला, आणि देवानं तो घेतला.