मागच्या सीटपुढची चटई

वन्सं,

मी तुमच्यावर लिहायला बसले आहे हे तुम्हाला आवडणार नाही. मी विचारतही नाही. सगळं तुम्हाला उद्देशून लिहिलं तर दर ओळीला "छे, असं नव्हतंच मुळी" म्हणून अडवाल. तेव्हा पुढचं तुमच्या पाठीमागे बोलावं तसं लिहिते. त्यात मी येईन तिथे स्वतःला भावजय म्हणेन. उगाच "मी, मी" नको. वाचून झालं की या भांडायला.

तर वन्संनी बायकांना गाडी शिकवण्यात हयात घालवली. टपावर पाटी, दोन्हीकडे ब्रेक, आणि शेजारी मांडीवर पर्स घट्ट धरून वन्सं. त्या कधी ओरडल्या नाहीत. शिकणारीनं चूक केली की नुसतं "हं" म्हणायच्या, आणि त्या "हं"नं भल्याभल्यांची पाचावर धारण बसायची. त्यांचा एक नियम मात्र जगावेगळा होता. गाडी चालवायची ती अनवाणी.

"चप्पल काढा, आपल्या सीटच्या मागे ठेवा. क्लच पायाला कळला पाहिजे. चपलेला कळून काय उपयोग?"

शिकवण्यासाठी नवी गाडी त्यांनी जन्मात घेतली नाही. "नव्याचे नऊ दिवस," म्हणायच्या, "दहाव्या दिवशी तीही जुनीच. मग पहिल्यापासून जुनीच घ्यावी, नीट बघून." हे नीट बघणं इतकं गाजलं, की नात्यात कुणाला जुनी गाडी घ्यायची झाली की वन्संना नेल्याशिवाय पान हलेना. नेणाऱ्याचे मात्र हाल. विकणाऱ्यानं दहाला बोलावलं की वन्सं नऊलाच दारात, आणि नमस्काराच्याही आधी बोनेटवर तळहात. गरम लागलं की आल्या पावली परत.

"पाहुणे यायच्या आधी माणूस तोंड धुतो, ते समजतं. इंजिन तापवून ठेवतो तो काहीतरी लपवतोय. गार इंजिन कसं उठतं तेच तर बघायचंय मला."

रंगाकडे त्या ढुंकून बघत नसत. चटईखाली नाक नेऊन वास घेत. कुबट आला तर गाडीत पाणी शिरून गेलेलं. डिकीत जॅक जागेवर आहे का बघत. ज्याला जॅक सांभाळता आला नाही त्यानं इंजिन काय सांभाळलं असणार! आणि सगळ्यांत भरवशाची कसोटी पेडलांची. "मीटर खोटं बोलेल, मालक तर बोलणारच. पेडलवरचं रबर खोटं बोलत नाही. मीटर कमी आणि रबर घासलेलं, म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय."

भावजयीच्या लेकीला गावाच्या दुसऱ्या टोकाच्या रुग्णालयात, रक्ततपासणीच्या विभागात नोकरी लागली. पाळी भल्या पहाटेची, तेव्हा बस नाही. उशीर चालणार नाही, हे रुग्णालयानं कामावर घेतानाच बजावलेलं. होती नव्हती ती शिल्लक एकाच गाडीत जाणार होती. ती गाडी रोज पहाटे उठली तर नोकरी राहणार, नाही तर नोकरी आणि शिल्लक, दोन्ही गेल्या. लेकीच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तिनं आत्याला गाठलं.

तिघी गेल्या. फाटकाशी इस्त्रीचा सदरा घातलेले एक गृहस्थ, मागे राखाडी रंगाची गाडी. बोनेट गार. पहिल्या चावीला इंजिन उठलं. मीटरवरचा आकडा अगदीच लहान.

"शोभेचीच म्हणा ना," गृहस्थ म्हणाले. "मी एकटाच चालवतो, तीही सुट्टीच्या दिवशी."

वन्सं गुडघा धरून वाकल्या आणि पेडलांवरून बोट फिरवलं. रबराची रेघन् रेघ शाबूत. त्या उठल्या. "घे," म्हणाल्या. इतक्या झटपट त्यांच्या तोंडून "घे" कधी निघालं नव्हतं. लेकीनं पर्स उघडलीसुद्धा.

मग वन्सं मागच्या सीटवर जाऊन बसल्या. ही त्यांची शेवटची रीत. मागे बसणाऱ्याचे गुडघे कुठे जातात ते बघायचं. बसल्या आणि खाली बघतच राहिल्या. चालवणाऱ्याच्या सीटमागे, चटईवर, दोन लांबट काळपट डाग होते. शेजारीशेजारी, एका मापाचे. तिथे वर्षानुवर्षं कुणीतरी चपला काढून ठेवल्या होत्या.

"पर्स बंद कर," वन्सं म्हणाल्या.

"अगं आत्या, आता काय झालं?"

"मी चुकले, ते झालं." त्या बाहेर आल्या. "घरात आणखी कोण चालवतं हो?"

"कोणी नाही."

"बायको?"

"तिला कुठे येतंय!"

चटईवर पाय ठेवून गप्प बसल्या असत्या, तर कुणाला कळलंही नसतं. नात्यातल्या एवढ्या बड्या प्रस्थाला एकदा दिलेलं "घे" परत घेणं सोपं नसतं, तेही परक्या माणसासमोर आणि भावजयीच्या देखत. भावजयीनं आयुष्यात पुष्कळ शिकलेले लोक पाहिले. अंगाशी आलं की त्यांना खोकला येतो. वन्संना श्वासभर वेळ लागला, एवढंच.

"बघा वहिनी," त्या म्हणाल्या, "ही पेडलं कोरी आहेत ती गाडी कमी चालली म्हणून नाही. अनवाणी चालवली म्हणून. कसोटी माझी, आणि मीच शिकवलेल्या मुलींच्या गाड्यांना ती लागू पडत नाही! इतक्या वर्षांत हे माझ्या डोक्यात आलं नाही."

तेवढ्यात पाण्याचे पेले घेऊन गृहस्थांची बायको दारात आली. वन्संना पाहिलं मात्र, "अगंबाई, बाई तुम्ही!" म्हणाली, आणि सवयीनं उभ्या जागी चप्पल काढली.

वन्सं म्हणाल्या, "हं."

तेवढं पुरलं. "रोज मीच नेत होते, बाई," ती म्हणाली. "कामावर. मधले खूप दिवस मीटर बंद होतं." गृहस्थ फाटकाची कडी तपासू लागले.

"एकच सांग. सकाळी उठली नाही, असं कधी झालं?"

"एकदाही नाही, बाई. कडाक्याच्या थंडीतही नाही."

"मग विकताय कशाला?"

"निवृत्त झाले. आता कुठे जायचंय? आणि हे म्हणाले, बाईमाणूस रोज चालवत होती म्हटलं तर गिऱ्हाईक बिचकेल."

"बाईमाणूस!" वन्संचा आवाज पहिल्यांदा चढला. "अहो, तुमच्या गाडीत सांगण्यासारखी एकच गोष्ट होती, तीच लपवलीत! उभी ठेवलेली गाडी गंजते. रोज धावलेली, क्लच जपलेली गाडी लाखात एक मिळते." त्या भाचीकडे वळल्या. "आता घे. पण भाव धावलेल्या गाडीचा."

"तसं कसं..." गृहस्थांनी तोंड उघडलं.

"तसंच," त्यांची बायको म्हणाली. विषय संपला.

लेकीची नोकरी टिकली. उशिराचा शेरा तिला आजवर नाही. वन्संच्या कसोट्यांत एक भर पडली: पेडलं बघितली की चालवणाऱ्याच्या मागची चटई बघायची. ही नवी कसोटी कशी सुचली, ते त्या प्रत्येकाला सांगतात, स्वतःच्या फजितीसकट. इतक्या वेळा सांगतात, की भावजय आता उठून आत जाते.

आणि वन्सं, गाडी घरी आणली त्या दिवशी तुम्हीच म्हणालात, "वहिनी, ती डागाळलेली चटई काढून टाकू. दोघी जाऊन नवी आणू." मी हो म्हटलं. दुकानदाराला माप कळवलं, चटई कापून ठेवल्याचा त्याचा निरोपही आला. त्या आठवड्यात तुमचा गुडघा धरला. पुढच्या खेपेला माझ्याकडे पाहुणे. मग तुम्ही म्हणालात, ऊन उतरू दे. ऊन उतरलं, तोवर लेक तिच्या चपला नेमक्या त्या दोन डागांवर ठेवायला लागली होती. ते दुकान उठलं. तिथे आता चष्मे विकतात, आणि आपण दोघी त्यावरून जातो तेव्हा चटईचं नाव तुम्ही काढत नाही, मीही काढत नाही.